माप कोणी ठरवायचे?

शरीर आणि मन यांचा तोल सांभाळावा, हा उपदेश दहावी-बारावीच्या मुलामुलींना घरात, शाळेत आणि आता मोबाइलवरही ऐकावा लागतो. उपदेश चुकीचा नाही, पण त्याच्या मागे तराजूचे एक चित्र असते. एका पारड्यात शरीर, दुसऱ्यात मन. व्यायामाला तास दिला तर अभ्यासाचा तास गेला, अभ्यासाला रात्र दिली तर शरीराची झोप गेली. मग दोन्हीकडे सारखे वाटून द्यायचे, एवढेच काम उरते. भारतीय विचारपरंपरेतल्या पुष्कळांना हे चित्र मुळातच पटले नसते. सांख्यांनी पंचवीस तत्त्वे मोजली, त्यांत पुरुष एकीकडे आणि बाकीची चोवीस प्रकृतीच्या बाजूला ठेवली. त्या चोविसांत हातपाय, डोळे, कान आहेत आणि मन, बुद्धी, अहंकारही आहेत. मन हे तिथे अकरावे इंद्रिय आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायातही ‘क्षेत्र’ म्हणून जे सांगितले आहे त्यात देह, इंद्रिये, इच्छा, द्वेष, सुख, दुःख हे सगळे एकाच शेतात येते, आणि ते शेत जाणणारा वेगळा मानला आहे.

या मांडणीत शरीर आणि मन समोरासमोर उभे राहत नाहीत, ते एकाच बाजूचे असतात. कोणाला किती वाटायचे हा प्रश्न मग मागे पडतो आणि दोघांनाही लागणारे माप कोण ठरवतो, हा प्रश्न पुढे येतो. किशोरवयात तो पहिल्यांदाच खरा होतो. तोवर जेवणाची वेळ आई ठरवते, झोपेची वेळ घर ठरवते, शाळेची वेळ घंटा ठरवते. तेरा-चौदाव्या वर्षी आवाज फुटतो, पाळी सुरू होते, आरशापुढचा वेळ वाढतो, कारण नसताना रडू येते. आणि आपल्या देहाकडे व मनाकडे थोडे अंतरावरून पाहण्याची सवय लागते. तत्त्वज्ञानाचे ग्रंथ ज्याला द्रष्टा म्हणतात त्याची ही घरगुती सुरुवात मानायला हरकत नाही, निदान त्याच दिशेचे ते पहिले पाऊल आहे.

गुहागर तालुक्यातल्या वेळणेश्वरसारख्या गावात या प्रश्नाला स्वतःची अशी पार्श्वभूमी आहे. शंकराचे देऊळ समुद्राला अगदी लागून आहे, आणि अनेक चित्पावन घराण्यांचा तो कुलस्वामी असल्याने पुण्या-मुंबईकडची मंडळी अभिषेकासाठी येत असतात. महाशिवरात्रीला जत्रा भरते. नारळी-पोफळीच्या वाड्या, चढउताराच्या वाटा, पावसाळ्यातली शेती यांमुळे शरीराला वेगळा व्यायाम लावावा लागत नाही, असे जुन्या पिढीला वाटत आले. त्यात तथ्यही होते. गणपतीत जाखडी आणि शिमग्यात पालखी नाचवणे यांत शरीर व मन एकदमच कामाला लागतात, आणि एरवी गप्प असणारा मुलगाही त्या रात्री मोकळा होतो. आता शेती कमी झाली, दुचाकी आली, आणि वाडीतल्या मुलाच्या हातात मुंबईतल्या मुलाच्या हातात असतो तोच फोन आला. शिवाय २०१२ साली ठाण्याच्या विद्या प्रसारक मंडळाने येथे महर्षी परशुराम अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. त्यामुळे घरापासून प्रथमच दूर आलेली अठरा-एकोणीस वर्षांची मुलेही या गावात दिसू लागली. त्यांच्या जेवणाची आणि झोपेची वेळ ठरवायला आई जवळ नाही.

या वयातल्या समजुतीबद्दल बोलताना मोठ्यांची मते सांगण्याचा मोह होतो. मराठीत मात्र याच विषयावर किशोराने केलेले भाष्य आहे, आणि ते सातशेहून अधिक वर्षांपूर्वीचे आहे. ज्ञानेश्वरांचा जन्म १२७५चा मानला तर १२९० साली नेवाशात ज्ञानेश्वरी सांगताना त्यांचे वय पंधरा होते. १२७१ हे जन्मवर्ष मानणाऱ्यांच्या हिशेबानेही ते एकोणीसच्या पुढे जात नाही. आईवडील गेलेले, गावाने वाळीत टाकलेले, तीन भावंडे सोबत. अशा मुलाने गीतेच्या सहाव्या अध्यायातले आहारविहाराचे दोन श्लोक उलगडले आहेत. अति खाणाऱ्याला किंवा अजिबात न खाणाऱ्याला, अति झोपणाऱ्याला किंवा सतत जागणाऱ्याला योग साधत नाही, एवढाच मूळ श्लोकांचा आशय. त्यांतल्या पहिल्या निम्म्यावर कोणताही कीर्तनकार तास घालवील: जिभेचे लाड, झोपेचा आळस, तरुण पिढी. ज्ञानेश्वर तेही सांगतात, पण दुसऱ्या निम्म्यावर ते जास्त रेंगाळतात. हट्टाने भूक-तहान कोंडणारा, झोपेला जवळ येऊ न देणारा, आपल्या निग्रहाच्या जोरावर नाचणारा माणूस त्यांनी असा रंगवला आहे की तो त्यांना जवळून ठाऊक असावा असे वाटते. अशा माणसाचे शरीरही त्याच्या हाती राहत नाही, तिथे योगाची गोष्ट कशाला, असा त्यांचा रोख आहे.

पुढे ते मापाकडे वळतात. अन्न मापाने घ्यावे, पावले मापाने टाकावीत, बोलणे मापाचे असावे, झोपेलाही तिच्या वेळी मान मिळावा आणि जागरण झालेच तर तेही बेताचे व्हावे. झोपेला मान देण्याची ही गोष्ट आजच्या बारावीच्या मुलाला कोणी सांगत नाही. त्याला पहाटे चारला उठण्याची गोष्ट सांगितली जाते. ज्ञानेश्वर म्हणतात की या मापाने शरीरातल्या धातूंचे साम्य राहते, इंद्रियांना बेताने खाऊ मिळाला की समाधान मन आपणच वाढवते, आणि बाहेर मापाची शिस्त बसू लागली की आत सुख वाढू लागते. मनाला थेट हात घालण्याची वाट त्यांनी येथे दाखवलेली नाही. जेवण, चालणे, बोलणे, झोप या चार साध्या गोष्टींतून ते मनाकडे येतात. किती पोळ्या, किती तास, किती पावले, हे मात्र ते कुठेही सांगत नाहीत. गीताही सांगत नाही. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. सहाव्या अध्यायावर बोलताना त्यांनी चित्ताच्या एकाग्रतेला जीवनातल्या परिमिततेचा आधार दिला. आकडा त्यांनीही दिला नाही. आकडा न देणे ही या परंपरेतली उणीव वाटू शकते. पण ज्याचे माप त्यानेच शोधायचे असेल तर दुसऱ्याने आकडा देऊन चालत नाही.

आकड्याच्या जरा जवळ जाणारा ग्रंथ म्हणजे स्वात्मारामाची हठप्रदीपिका. तिच्यात मिताहाराची व्याख्या आहे: स्निग्ध, गोड अन्न पोटाचा चौथा भाग रिकामा ठेवून खावे, आणि ते शिवाच्या संतोषासाठी खावे. शंकराच्या गावात वाढणाऱ्या मुलाला हे ऐकून नवल वाटेल, कारण शंकरासाठी उपाशी राहायचे असते एवढेच त्याने पाहिलेले असते. हठयोगाच्या ग्रंथात शंकराला संतुष्ट करण्याचा मार्ग नीट जेवण्यातून जातो. योग बिघडवणाऱ्या ज्या सहा गोष्टी हा ग्रंथ मोजतो त्यांत अति खाणे, अति श्रम, वायफळ बडबड, लोकांची नको तेवढी संगत आणि चंचलपणा यांच्या बरोबरीने नियमाग्रहही आहे. नियमाचा हट्टसुद्धा दोषच. पहाटेचे थंड पाण्याचे स्नान आणि उपवास यांसारखे देहाला शिणवणारे प्रकार टाळावेत, असेही तेथे सांगितले आहे. समाजमाध्यमांवर पहाटे पाचला बर्फाच्या पाण्यात उभे राहण्याची जी स्पर्धा चालते, तिला योगाचा आधार शोधणाऱ्यांनी हा भाग वाचलेला नसतो.

मग महाशिवरात्रीचे काय? त्या दिवशी उपवासही असतो आणि रात्रीचे जागरणही. गीतेने ज्या दोन टोकांपासून सावध केले ती दोन्ही एकाच तिथीला येतात. यावर उत्तर असे की रोजचे आचरण आणि नैमित्तिक व्रत या वेगळ्या गोष्टी आहेत. वर्षातून एक रात्र जागणे आणि परीक्षेपूर्वी महिनाभर रोज तीनपर्यंत जागणे यांत केवळ संख्येचा फरक नाही. व्रताला सुरुवात असते, शेवट असतो, दुसऱ्या दिवशी पारणे असते, आणि सोबत गाव जागे असते. व्रताच्या नियमांतही माणसाची सोय पाहिलेली आहे. पाणी, कंदमुळे, फळे, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध या आठ गोष्टींनी व्रत मोडत नाही, असे धर्मशास्त्रातले एक प्रसिद्ध वचन आहे. रत्नागिरी जिल्ह्यातच जन्मलेल्या भारतरत्न पां. वा. काणे यांच्या ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाच्या पाचव्या खंडात व्रतांचा पसारा आणि त्यांतल्या सवलती विस्ताराने आल्या आहेत. कोकणातल्या मुस्लिम घरांतही रमजानच्या रोज्यातून आजारी माणसाला आणि प्रवाशाला कुराणानेच सूट दिलेली आहे. राहिलेले रोजे पुढे भरून काढता येतात. देवाला न दुखवता औषध घेता येते की नाही, या प्रश्नाचे उत्तर दोन्ही धर्मांनी फार पूर्वीच देऊन ठेवले आहे.

उपवासाची दुसरीही एक अडचण आहे. एकादशी, दुप्पट खाशी ही म्हण साबुदाण्याच्या खिचडीपुढे रोज खरी ठरते आणि तिच्याबद्दल हसून सोडून देता येते. उलट टोक हसण्यासारखे नसते. वजन कमी करायचे आहे हे घरात सांगता येत नाही, सोमवार धरला आहे हे सांगता येते. आणि सोमवारामागून गुरुवार, गुरुवारामागून शनिवार लागतो. २०१९ ते २०२१ दरम्यान झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. ज्या वयात हाडे आणि रक्त घडत असतात त्या वयात व्रताच्या नावाने आठवड्यातले तीन दिवस अर्धपोटी राहणे हे शंकराला पोचत असेल की नाही हा भाविकांचा प्रश्न. हिमोग्लोबिनला मात्र पोचते. गीतेच्या सतराव्या अध्यायात दंभाने आणि हट्टाने देहाला कष्टवणाऱ्या तपाला आसुरी म्हटले आहे. तिथेच तपाचे तीन प्रकार येतात, शरीराचे, वाणीचे आणि मनाचे. आणि मनाच्या तपाच्या यादीत पहिले नाव मनाच्या प्रसन्नतेचे आहे. तप करताना चेहरा आंबट होत असेल तर काहीतरी चुकते आहे, असा त्याचा अर्थ घेता येतो.

शरीर आणि मन एकाच बाजूचे असले तरी दोघांना एकच नियम लागत नाही, आणि हे सर्वांत स्पष्ट चरकाने सांगितले आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सातवा अध्याय वेगांबद्दल आहे. भूक, तहान, झोप, शिंक, जांभई, अश्रू, मलमूत्र हे शरीराचे वेग अडवू नयेत, अडवले तर त्यांतून कोणते रोग होतात याची तो यादी देतो. त्याच अध्यायात दुसरी यादी आहे: लोभ, शोक, भय, क्रोध, मान, निर्लज्जपणा, ईर्ष्या, अति आसक्ती. हे मनाचे वेग मात्र आवरावेत. शरीराचे ऐकावे, मनाचे सगळे ऐकू नये, असे थोडक्यात सांगता येईल. आजच्या मुलाची दिनचर्या पाहिली तर ती नेमकी उलटी दिसते. वर्गात शौचालयाला जायला परवानगी मिळत नाही म्हणून वेग अडवला जातो, मुली तर शाळेतले शौचालय टाळण्यासाठी दिवसभर पाणीच पीत नाहीत. झोप आली तरी डोळ्यांवर पाणी मारून अडवली जाते. आणि रात्री बारा वाजता कोणाचा तरी फोटो पाहून जी ईर्ष्या उठते तिला पुढचा फोटो, त्याच्या पुढचा फोटो असे मोकळे रान मिळते.

झोपेच्या बाबतीत विज्ञानाने एक गोष्ट जोडली आहे, ती घरातल्या भांडणात उपयोगी पडते. वयात येताना शरीरात मेलाटोनिन रात्री उशिरा वाढू लागते, त्यामुळे किशोरांना झोप उशिरा येणे हा केवळ आळस किंवा उद्धटपणा नसतो. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते, असे निद्रातज्ज्ञ सांगतात. ब्राह्ममुहूर्ताचे महत्त्व मान्य करूनही झोपण्याची वेळ पुढे आणि उठण्याची वेळ मागे असे दोन्हीकडून ओढले की मधली झोप कापली जाते, हे साधे गणित आहे. व्यायामाबद्दल वाग्भटाने अष्टांगहृदयात माप दिले आहे: बलवान माणसानेही अर्ध्या शक्तीने करावा, तोही हिवाळ्यात आणि वसंतात; इतर ऋतूंत त्याहून कमी. कोकणातल्या मे महिन्यातल्या घामात हा सल्ला पटायला वेळ लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाच्या मुलांना रोज सरासरी साठ मिनिटे मध्यम ते दमवणाऱ्या हालचालीची शिफारस करते. वाग्भट वरची मर्यादा सांगतो, संघटना खालची; दोघांत विरोध नाही.

चरकाच्या दुसऱ्या यादीत एक खुपणारी गोष्ट आहे. तिच्यात शोक आणि भयही आहे. दुःख आवरावे, भीती आवरावी, हे आजचे मानसशास्त्र इतक्या सरळ म्हणणार नाही. ते दुःख बोलून दाखवायला सांगते. पण चरकाने अश्रू पहिल्या, म्हणजे न अडवण्याच्या यादीत ठेवले आहेत हेही तितकेच खरे. रडू यावे तेव्हा रडावे, आणि शोकाच्या आहारी जाऊन वागू नये, असा दोन्हींचा मेळ लावता येतो. ‘मुलगा असून रडतोस’ या वाक्याला मात्र चरकात आधार सापडत नाही. रोग वाढवणाऱ्या गोष्टींत विषाद सर्वांत पुढे, असे त्यानेच दुसरीकडे म्हटले आहे.

माप स्वतः ठरवायला निघालेल्या किशोराचे एक उदाहरण रत्नागिरीकरांना परके नाही. बाळ गंगाधर टिळकांचा जन्म १८५६चा, रत्नागिरीतला. दहाव्या वर्षी ते पुण्यात आले, त्याच सुमारास आई गेली. पंधराव्या वर्षी लग्न झाले, सोळाव्या वर्षी वडील गेले. १८७३ साली डेक्कन कॉलेजात प्रवेश घेतला तेव्हा प्रकृती अगदी तोळामासा होती. या मुलाने ठरवले की पहिले वर्ष शरीराला द्यायचे. तालीम, कुस्ती, पोहणे यांत वर्ष गेले, आणि अभ्यास साहजिकच मागे पडला. चरित्रकारांनी या निर्णयाचे पुढे कौतुक केले, कारण १८७६ साली टिळक पहिल्या वर्गात बी. ए. झाले आणि त्याच शरीराने मंडालेच्या तुरुंगातली सहा वर्षे काढली, तीही मधुमेह असताना. तुरुंगातच १९१०-११च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहिले गेले.

या गोष्टीतून वर्ष वाया घालवावे असा बोध कोणी घेऊ नये. टिळकांसारखी बुद्धी आणि त्या काळातल्या परीक्षा प्रत्येकाच्या वाट्याला येत नाहीत. ती दुसऱ्या कारणासाठी महत्त्वाची आहे. टिळकांनी त्या वर्षी शरीर आणि अभ्यास यांना सारखे माप दिले नाही. मुद्दाम एकीकडे झुकते दिले, कारण त्या वेळी तिकडे उणे होते. रोजच्या रोज सगळे समसमान असणे म्हणजे तोल, ही कल्पना या निर्णयात बसत नाही. आजारातून उठलेल्या मुलीला वर्षभर खेळ बंद ठेवावा लागतो, परीक्षेच्या महिन्यात मैदान सुटते, घरात कोणी गेले तर अभ्यासही काही आठवडे सुटतो. झुकणे ठरवून असेल, त्याला मुदत असेल आणि ते पुन्हा तपासले जात असेल तर तो तोल गेला असे म्हणता येत नाही. गीतारहस्यात टिळकांनी योग म्हणजे कर्म करण्याची कुशलता आणि समत्वबुद्धी यांवर भर दिला. संसार टाकून शांती मिळवण्याच्या वाटेवर त्यांच्या टीकेचा रोख होता. व्यायामासाठी वर्ष देणाऱ्या मुलात त्या मताचे बीज शोधणे ओढूनताणून होईल, पण दोन्हींत एक गोष्ट समान आहे: आधी स्थिती पाहायची, मग माप ठरवायचे.

कोकणातल्या घरांत किशोरांना मनाबद्दल जे शिकवले जाते त्यावर साने गुरुजींची छाया मोठी आहे. गुरुजींचा जन्म १८९९ साली दापोली तालुक्यातल्या पालगडला झाला. ‘श्यामची आई’ मधला एक प्रसंग शाळेत न गेलेल्यांनाही माहीत असतो: आंघोळीनंतर पायांना घाण लागू नये म्हणून हट्ट करणाऱ्या श्यामला आई सांगते की पायांना जपतोस तसे मनालाही जप. पोहायला भिऊन लपलेल्या श्यामला हीच आई विहिरीवर पिटाळते. म्हणजे तिच्या शिकवणीत शरीराचे धाडस आणि मनाची स्वच्छता दोन्ही आहेत, आणि एका अर्थाने या विषयाचे सगळे सार तिथे आलेले आहे.

एक गोष्ट मात्र तिथे नाही, आणि ती नसल्याबद्दल पुस्तकाला दोष देता येत नाही. मनाची शुद्धी आणि मनाचे आरोग्य या एकच गोष्टी नव्हेत. धर्माने शतकानुशतके पहिलीची काळजी वाहिली: वाईट विचार येऊ नयेत, मत्सर असू नये, खोटे बोलू नये. निर्मळ मनही आजारी पडू शकते. गुरुजींइतके निर्मळ मन मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे दुसरे चटकन येत नाही, आणि तरीही १९५० साली त्यांनी स्वतःचे जीवन संपवले. उदास असलेल्या मुलाला ‘नामस्मरण कर, चांगले विचार कर’ असे सांगणारे वडीलधारे त्याचे भलेच चिंतीत असतात. त्या मुलाला मात्र ऐकू येते ते एवढेच की आपले विचार वाईट आहेत म्हणून आपण असे झालो. ताप आलेल्याला कोणी चांगले वागायला सांगत नाही.

किशोराने आपले माप आपण शोधायचे म्हणजे त्याने ते एकट्याने शोधायचे, असेही नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या त्या भाष्यकाराबद्दलच एक आख्यायिका आहे. लोकांच्या अपमानाने उद्विग्न होऊन ज्ञानेश्वर झोपडीचे दार, म्हणजे ताटी, लावून आत बसले. बाहेरून धाकट्या मुक्ताबाईने समजूत घातली, आणि ताटीचे अभंग म्हणून ती समजूत आजही गायली जाते. ज्याने हट्टी निग्रहाबद्दल इतके नेमके लिहिले त्यालाही दार लावून घेण्याची वेळ आली, आणि दाराबाहेर बोलणारे कोणी होते. बहीण चार वर्षांनी लहान होती, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे; मदत नेहमी वरूनच येते असे नाही. मुलांचे मन वर्गातल्या मित्रमैत्रिणींना आधी कळते, शिक्षकांना मागाहून आणि घराला पुष्कळदा सर्वांत शेवटी. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसांत दिसणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्म्यांची सुरुवात अठराव्या वर्षापर्यंत झालेली असते.

आजार म्हणजे पूर्वकर्माचे फळ, ही समजूत अशा वेळी आड येते. चरकाने विमानस्थानात दैव आणि पुरुषार्थ यांची चर्चा केली आहे. दैव बलवान असेल तर ते पुरुषार्थाला मागे सारते हे तो मान्य करतो, पण दैव दुबळे असेल तर पुरुषार्थ त्याला मोडून काढतो असेही म्हणतो. सगळेच आयुष्य आधी ठरलेले असते तर औषध आणि पथ्य यांना काही अर्थच राहिला नसता, असा त्याचा युक्तिवाद आहे. कोणते दैव दुबळे हे आधी कळण्याची सोय नसल्याने वैद्याला प्रयत्न केल्याखेरीज गत्यंतर नाही.

सूत्रस्थानाच्या अकराव्या अध्यायात त्याने उपचारांचे तीन प्रकार एका ओळीत बसवले आहेत. पहिला दैवव्यपाश्रय: मंत्र, व्रत, बळी, प्रायश्चित्त, तीर्थयात्रा. दुसरा युक्तिव्यपाश्रय: आहार आणि औषध यांची योजना. तिसरा सत्त्वावजय: अहितकारक विषयांपासून मनाला परत वळवणे. आजच्या समुपदेशनाशी या तिसऱ्याचे नाते बऱ्याच अभ्यासकांनी दाखवले आहे. दोन्ही एकच आहेत असे म्हणणे धाडसाचे होईल, पण मनावर मनाच्या वाटेनेही उपचार करावा लागतो हे त्याने वेगळे नोंदवले एवढे खरे. तिन्ही उपचार एकमेकांची जागा घेत नाहीत. वेळणेश्वराला नवस बोलून आलेले कुटुंब त्याच आठवड्यात मुलीला मानसोपचारतज्ज्ञाकडे नेत असेल तर त्यात श्रद्धेशी काही विसंगत नाही. नवस बोलून झाला म्हणून डॉक्टरकडे जायचे टाळले तर ते या शास्त्रालाही धरून होत नाही.

डॉक्टर दूर असतात ही कोकणातली खरी अडचण आहे. मानसोपचारतज्ज्ञासाठी तालुक्याच्या गावाहूनही पुढे, चिपळूण किंवा रत्नागिरीला जावे लागते, आणि एसटीत शेजारी बसलेला ओळखीचा निघतो. २०२२च्या ऑक्टोबरपासून केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही, पैसे न देता बोलता येते. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात दहा ते एकोणीस या वयाला शरीर आणि मन दोन्हींसाठी एकाच छत्राखाली घेतले आहे. जे सांख्यांनी तत्त्वांच्या यादीत एका बाजूला मांडले होते ते सरकारी योजनेतही एका बाजूला आले, हा योगायोगच म्हणायचा.